महागाईचे निवारण आणि तुरीचा भाव

महागाई हा शब्द एकच असला तरी तो ज्याच्या मुखातून निघतो त्याप्रमाणे त्याचा अर्थ पालटतो. गृहिणीच्या मुखी तो आला म्हणजे महिन्याच्या वाणसामानाची यादी आखूड करण्याची चिंता त्यात असते. नोकरदार तो उच्चारतो तेव्हा त्याची दृष्टी महागाईभत्त्याकडे असते. शेतकऱ्यास बियाणे, खते व मजुरी यांची आठवण होते. व्यापाऱ्याच्या कानी मात्र हा शब्द बहुधा आरोपाच्या स्वरातच पडतो. भाव चढले की समाजाचे बोट प्रथम दुकानाच्या उंबरठ्याकडे वळते, आणि शासनाचा कागदही प्रथम तेथेच येऊन पोहोचतो. म्हणून महागाई उतरविण्यासाठी शासन कोणते उपाय योजते, ते कोठे सफल होतात व कोठे उलटतात, याचा विचार व्यापाऱ्याने स्वतःच्या हितासाठी तरी शांतपणे केला पाहिजे. हा विचार हवेत राहू नये म्हणून प्रस्तुत लेखात तुरीच्या डाळीचे एकच उदाहरण घेतले आहे. बेळगावच्या रविवार पेठेपासून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे व हैदराबाद येथील धान्यबाजारांपर्यंत आपल्या बांधवांच्या पेढ्यांवर हा माल नित्य येतो, आणि क्वचितच एखादे घर असे असेल की जेथे त्याच्या भावाची चर्चा होत नाही.

भावनियंत्रण ही आपल्या देशात नवी गोष्ट नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि विशेषतः १९४३ च्या बंगालमधील भीषण दुष्काळानंतर धान्याचे नियंत्रण व शिधावाटप सर्वत्र पसरले. महात्मा गांधींच्या आग्रहास मान देऊन डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणे सैल करण्यास आरंभ झाला. परंतु भाव झपाट्याने वाढले व १९४८ च्या अखेरीस ती पुन्हा लादावी लागली. पुढे १९५२ मध्ये रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाले. त्यांनी साठ्याचा व पिकाचा अंदाज घेऊन एकेक बंधन उठविले, आणि त्या वर्षांत पीकपाणीही चांगले आल्यामुळे भाव चढण्याऐवजी उतरले. नियंत्रण उठविणे तेच, पण एकदा ते अंगाशी आले व दुसऱ्यांदा फळास आले. या भेदाचे कारण माल हाताशी असण्या-नसण्यात होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला. साठ्यावर मर्यादा घालणे, भाव ठरविणे व वाहतुकीवर निर्बंध आणणे हे अधिकार शासनास त्या कायद्याने मिळाले. १९७३ मध्ये शासनाने आणखी एक मोठे पाऊल टाकले व गव्हाचा घाऊक व्यापारच आपल्या हाती घेतला. खरेदी अपेक्षेप्रमाणे झाली नाही, बाजारातील आवक आटली, आणि १९७४ मध्ये तो प्रयोग सोडून देणे प्राप्त झाले. व्यापारी नको असे म्हणणे सोपे असते. तथापि खळ्यावरील धान्य खाणाऱ्याच्या ताटापर्यंत नेण्याचे जे काम तो करतो, ते कोणास तरी करावेच लागते, हा त्या प्रयोगाचा धडा होय.

आता तुरीकडे वळू. तुरीची पेरणी पावसाच्या आरंभी होते आणि पीक साधारणतः डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते. महाराष्ट्र व कर्नाटक ही तिच्या उत्पादनात अग्रेसर राज्ये असून लातूर, अकोला व कलबुर्गी येथील बाजारांवर साऱ्या देशाचे लक्ष असते. तीनचार महिन्यांत आलेला हा माल बारा महिने पुरवावयाचा असतो. शेतकऱ्यास कर्जाची फेड व घरखर्च यांसाठी रोख पैशाची निकड असते, त्यामुळे बहुतेक माल तो हंगामातच विकतो. उरलेले आठनऊ महिने तो माल कोणी तरी सांभाळला पाहिजे. हा भार अडत्या, घाऊक व्यापारी, डाळमिल व शासकीय वखार यांच्यात वाटला जातो. साठा करणे हे मूलतः पाप नसून या पिकाच्या निसर्गक्रमाने निर्माण केलेली ती गरज आहे, ही गोष्ट आपण स्वतः विसरू नये व इतरांसही समजावून सांगितली पाहिजे.

भावाचे गणितही एकदा उघडपणे मांडावे. तुरीस तेलपाणी करून, वाळवून व भरडून एक क्विंटलमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. उरलेल्या चुनी-भुशाचे मोल अल्पच. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने तुरीचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये ठरविला. या भावाने तूर घेतली तर केवळ कच्च्या मालापोटी डाळीस किलोमागे १०७ ते ११४ रुपये पडतात. त्यात भरडाई, बारदान, हमाली, वाहतूक, व्याज, अडत व किरकोळ दुकानदाराचा नफा अजून धरलेला नाही. चुनी-भुशाचे जे थोडे येते ते तेवढे वजा जावयाचे. यावरून असे दिसेल की ज्या दिवशी दुकानात तुरीची डाळ शंभर रुपयांच्या खाली मिळते, त्या दिवशी कोठे तरी एखाद्या शेतकऱ्यास हमीभाव मिळालेला नसतो. ग्राहकाचा दिलासा व शेतकऱ्याचा मोबदला यांच्यामधील वाट फार अरुंद आहे, आणि शासनाचे सारे उपाय याच अरुंद वाटेवरून चालत असतात.

या वाटेवरील पहिला मोठा धक्का २०१५ मध्ये बसला. लागोपाठ दोन वर्षे पावसाने ओढ दिल्यामुळे डाळींचे उत्पादन घटले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अनेक शहरांत तुरीची डाळ किलोस २०० रुपयांच्या आसपास जाऊन पोहोचली. ग्राहक मूल्य निर्देशांकात डाळींचा वाटा शेकडा २.३८ एवढाच; परंतु वर्षभरातील त्यांची भाववाढ शेकडा ४० हून अधिक झाल्याने घराघरांत हाहाकार उडाला. शासनाने साठ्याची मर्यादा आयातदार व प्रक्रिया करणाऱ्यांनाही लागू केली, ठिकठिकाणी गोदामांवर छापे पडले व साठे जप्त झाले. या प्रसंगी आपल्या क्षेत्रातील काहींनी माल दडविला नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तसेच, पीकच कमी असता केवळ छाप्यांनी डाळ स्वस्त होत नसते, हेही तितकेच खरे.

याच अनुभवातून दोन दूरगामी उपाय पुढे आले. पहिला उपाय राखीव साठ्याचा. भाव स्थिर राखण्यासाठी २०१४-१५ मध्ये एक निधी स्थापन झाला होता. त्याच्या आधारे २०१६ मध्ये डाळींचा २० लाख टनांपर्यंत राखीव साठा करण्यास मान्यता मिळाली. दुसरा उपाय आयातीच्या दीर्घ कराराचा. त्याच वर्षी मोझांबिकशी तुरीच्या खरेदीचा करार झाला व २०२१ मध्ये मलावी आणि म्यानमार यांच्याशीही असे करार झाले. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ अरविंद सुब्रमण्यम यांच्या समितीने डाळींवरील साठामर्यादा उठविण्याची व हमीभावाने समर्थपणे खरेदी करण्याची शिफारस केली, तिचीही नोंद घेतली पाहिजे.

परंतु भावाचा लंबक एका टोकास थांबत नाही. चढ्या भावाच्या ओढीने शेतकऱ्यांनी २०१६ च्या खरिपात तुरीचा पेरा भरपूर वाढविला, पाऊसही साथीला आला, आणि आदल्या वर्षी जे उत्पादन सुमारे २६ लाख टन होते ते जवळजवळ ४८ लाख टनांवर गेले. बोनससह हमीभाव ५०५० रुपये असताना बाजारभाव त्याच्या पुष्कळ खाली घसरला. महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदान अपुरे पडले व शेतकरी कित्येक दिवस आपल्या मालाची राखण करीत बसले. ज्या वर्षी देशात तुरीचा पूर आला त्याच वर्षी परदेशाची तूरही बंदरांवर उतरत होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर मर्यादा आली आणि सप्टेंबरमध्ये दशकाहून अधिक काळ बंद असलेली तूर, उडीद व मूग यांची निर्यात खुली झाली. हे दोन्ही निर्णय योग्यच होते. पण हंगाम सरल्यावर ते झाल्याने ज्या शेतकऱ्याने आधीच पडत्या भावात विकले होते, त्याच्या पदरात काहीच पडले नाही.

पुढील काही वर्षांत चक्र पुन्हा फिरले. २०२० मध्ये जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, नाशवंत नसलेल्या धान्याचे भाव शेकडा ५० ने वाढल्याखेरीज साठामर्यादा घालू नये अशी तरतूद आली होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये तिला स्थगिती दिली आणि त्या वर्षाच्या अखेरीस कृषिविषयक कायद्यांबरोबर तीही रद्द झाली. मध्यंतरी जुलै २०२१ मध्ये डाळींवर साठामर्यादा आली व दोनतीन आठवड्यांतच ती सैल करावी लागली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये हरभरा, मूग व गहू यांसह सात शेतमालांचे वायदेव्यवहार थांबविण्यात आले. तुरीचे वायदे तर २००७ पासूनच बंद होते.

२०२३ चे उदाहरण आपल्या सदस्यांच्या स्मरणात ताजे असेल. त्या वर्षी जूनच्या आरंभी तूर व उडीद यांवर घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येकी २०० टन, किरकोळ दुकानदारास ५ टन, आणि डाळमिलला तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेचा चौथा भाग यांपैकी जे अधिक असेल ते, अशी मर्यादा ठरली. सप्टेंबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याची मर्यादा एकदम ५० टनांवर आणण्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा २०० टन झाली. पाच-सहा महिन्यांत नियम तीनदा पालटला. ५० टन म्हणजे जेमतेम दोनतीन मालमोटारींचा माल. ज्या पेढीने दोनशे टनांचा हिशेब धरून सौदे केले, आगाऊ रक्कम दिली व गोदाम भाड्याने घेतले, तिने उरलेला माल अल्पावधीत कोणत्या भावास व कोणास विकावा? मोठी साखळी दुकाने प्रत्येक शाखेची वेगळी मर्यादा व आगाराची निराळी मर्यादा यांतून मार्ग काढू शकतात. तालुक्याच्या बाजारातील एकच गोदाम असलेल्या व्यापाऱ्यास तसा मार्ग नसतो. कायद्याचा रोख बड्या साठेबाजावर असला तरी त्याचा चटका मध्यम व लहान पेढीस अधिक बसतो, ही आपली तक्रार वाजवी आहे आणि ती सभ्य शब्दांत वारंवार मांडली पाहिजे.

साठामर्यादेच्या जोडीस शासनाने इतरही उपाय योजले. जुलै २०२३ मध्ये 'भारत डाळ' या नावाने हरभऱ्याची डाळ किलोस ६० रुपये दराने विक्रीस आली. तुरीची टंचाई असता हरभऱ्याची डाळ स्वस्त देण्यात शहाणपण होते, कारण चढा भाव पाहून कित्येक घरांनी आमटीत काही प्रमाणात हरभरा, मूग वा मसूर यांचा आधार घेतला. तुरीची आयात करमुक्त ठेवली गेली आणि डिसेंबर २०२३ पासून पिवळ्या वाटाण्यासही तशीच सवलत मिळाली. याउलट जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या, छापील वेष्टनातील डाळी व पिठांवर वस्तू व सेवा कर शेकडा ५ दराने बसविण्यात आला होता. सुट्या विक्रीस तो लागला नाही. भाव उतरविण्याच्या खटपटीत असलेल्या शासनाने त्याच वर्षी असा कर बसवावा, ही विसंगतीच म्हटली पाहिजे.

याखेरीज एक उपाय दुकानाच्या पाटीवर दिसत नाही, पण त्याची झळ प्रत्येक पेढीस लागते. तो म्हणजे व्याजाचा दर. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर किरकोळ भाववाढ शेकडा ४ च्या आसपास, २ ते ६ या मर्यादेत, राखण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२२ मध्ये लागोपाठ तीन तिमाह्या ही मर्यादा ओलांडली गेली व बँकेस शासनाकडे लेखी स्पष्टीकरण द्यावे लागले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात बँकेने रेपो दर शेकडा ४ वरून साडेसहावर नेला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो खाली आणला नाही. पेढीच्या भाषेत याचा अर्थ असा की ७००० रुपयांची एक क्विंटल तूर सहा महिने सांभाळावयाची तर, ही अडीच टक्क्यांची वाढ पुरतेपणी कर्जदारापर्यंत पोहोचल्यास, क्विंटलमागे सुमारे ८७ रुपये जादा व्याज पडते. त्यामुळे सट्ट्याच्या हेतूने माल धरून बसणाऱ्यास चाप बसतो हे खरे. परंतु वर्षाअखेरीस विकावयाच्या प्रामाणिक साठ्याची किंमतही त्यामुळे वाढते. शिवाय पाऊस न पडल्याने चढलेला भाव व्याजाच्या दराने उतरत नाही. तो उतरविण्यास शेतातून वा बंदरातून डाळच यावी लागते.

ती आली, आणि भाव उतरले. २०२४ चे पीक बरे आले, आयात विपुल झाली, आणि २०२५ मध्ये डाळींचे भाव आदल्या वर्षीपेक्षा पुष्कळ खाली गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकंदर किरकोळ भाववाढ शेकडा ०.२५ इतकी नोंदली गेली. २०१२ या पायावर्षाच्या मालिकेतील ही सर्वांत खालची नोंद होती. त्याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वस्तू व सेवा कराचे दर कमी होऊन तूप, लोणी, फरसाण, बिस्किटे, साबण, केशतेल अशा नित्याच्या अनेक वस्तू शेकडा ५ च्या वर्गात आल्या. गृहिणीस हायसे वाटले. परंतु त्याच वर्षी अनेक बाजारांत तूर हमीभावाच्या खाली विकली जात होती, हे नाण्याचे दुसरे अंग होय. आज स्वस्ताईने पोळलेला शेतकरी उद्या तुरीऐवजी सोयाबीन, ऊस वा मका पेरील आणि परवा पुन्हा डाळ महागेल, ही साखळी २०१५ ते २०१७ या काळाने आपणास स्पष्ट दाखविली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद व मसूर यांच्या स्वयंपूर्णतेसाठी सहा वर्षांची योजना जाहीर झाली, तीत शेतकऱ्याकडील माल शासकीय संस्थांनी घेण्याची ग्वाही आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र २०१७ मधील बारदानाची कथा पुन्हा घडता कामा नये.

या सर्व वृत्तांतावरून शासनापुढे आपली काही मागणी असेल तर ती पुढीलप्रमाणे असावी. आयातीचे व साठ्याचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे, म्हणजे शेतकरी व व्यापारी दोघांनाही आपला मार्ग ठरविता येईल. साठामर्यादा आणणे अपरिहार्यच झाले तर हंगामाच्या महिन्यांत ती सैल व टंचाईच्या महिन्यांत आवळ, असा क्रम आधीच सांगितलेला असावा. ऐन सौद्याच्या मध्यावर ती पालटू नये. राखीव साठ्यातील माल भाव भडकल्यानंतर न काढता भडकण्याची चिन्हे दिसताच थोडा थोडा बाजारात सोडावा. हमीभावाची खरेदी आवकेच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हावी. या मागण्यांत सवलतीची याचना नाही. शेतकरी, व्यापारी व ग्राहक या तिघांच्याही हिताचा विचार त्यांत आहे.

परंतु मागणी करणाऱ्याने प्रथम स्वतःच्या वहीकडे पाहावे. २०२१ व २०२३ या दोन्ही वेळी शासनाने साठ्याची नोंद सरकारी संकेतस्थळावर करण्याची सक्ती केली, तेव्हा अनेकांस तो जाच वाटला. वस्तुतः उघड केलेला साठा हेच प्रामाणिक व्यापाऱ्याचे सर्वांत मोठे संरक्षण आहे. सांभाळलेला माल व दडविलेला माल यांत बाहेरून पाहणाऱ्यास काहीच भेद दिसत नाही. तो भेद केवळ नोंदीने सिद्ध होतो. देशात माल किती आहे हे शासनास खरे कळले, तर भीतीपोटी घेतले जाणारे घाईचे निर्णयही कमी होतील. नोंद चुकविणारा एक जण बाजारातील इतर शंभरांवर छाप्याचे संकट ओढवून आणतो, हे आपण परस्परांस स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि अशा व्यक्तीची पाठराखण कोणत्याही संघाने करू नये.

दुसरे कर्तव्य भाव उतरतानाचे आहे. घाऊक भाव चढला की किरकोळ भाव त्याच दिवशी चढतो आणि उतरला की पंधरा दिवस रेंगाळतो, असा ग्राहकाचा नित्याचा अनुभव आहे व तो अगदीच खोटा नाही. जुना माल चढ्या भावाने घेतला होता ही सबब पहिल्या आठवड्यास चालेल, दुसऱ्या महिन्यास चालणार नाही. सप्टेंबर २०२५ च्या करकपातीसारख्या प्रसंगी तर उतरलेला कर हा ग्राहकाचा आहे, दुकानाचा नव्हे. वेष्टनावरील किंमत तीच ठेवून आतील वजन कमी करण्याची जी प्रथा मोठ्या कारखान्यांनी पाडली आहे, तिचे अनुकरण आपल्या तागडीने करू नये. तसेच उद्या बंदी येणार, परवा जहाज अडकले, अशा बातम्या भ्रमणध्वनीवरून क्षणात पसरतात. त्यांची शहानिशा न करता त्या पुढे धाडणे हाही भाव भडकविण्याचाच एक प्रकार होय.

महाराष्ट्राबाहेरील या नगरांत पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून आपल्या पूर्वजांनी जी पत मिळविली, ती एका हंगामाच्या नफ्यावर मिळालेली नाही. अडचणीच्या महिन्यात घराघरांस उधारीवर धान्य पुरविणारा, वजनास चोख व शब्दास पक्का, अशी त्यांची ओळख होती. महागाईच्या काळात ही ओळख कसोटीस लागते. शासनाचे उपाय कधी अपुरे ठरतील, कधी उशिरा येतील व कधी चुकीच्या जागी आघातही करतील. त्यांविषयी बोलण्याचा आपणास अधिकार आहे. मात्र ज्याची नोंदवही उघडी आहे आणि ज्याच्या दुकानात उतरलेला भाव वेळेवर उतरतो, त्याचेच बोलणे शासनदरबारी व समाजात ऐकले जाते. येत्या हंगामात नवी तूर बाजारात येईल तेव्हा प्रत्येक पेढीने आपला साठा, आपला खरेदीभाव व आपला विक्रीभाव हे तीन आकडे कोणासही दाखविता येतील असे ठेवावेत, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्व सदस्य बंधूंस विनंती आहे.